बद्द वाजणाऱ्या ताटल्या

पडदेवाल्या काकूंच्या घरात पडदे कमी आणि ताटल्या जास्त. ताटल्या काकांच्या. काका शिलाई मशीन दुरुस्त करायचे. काकूंचं मशीन दुरुस्त करता करता नवरदेव होऊन बसले आणि संसारात येताना कपड्यांच्या आधी चिनी मातीच्या ताटल्यांची चळत घेऊन आले. सन साठच्या आसपासचा माल, कारखाना कधीच बंद पडलेला. रंग मोहरीचा, आकार चौकोनी पण कोपरे गोल, कडेला काळ्या रेघांची चार पानं. सोनेरी कड नाही, गुलाबाची फुलं नाहीत.

"साधेपणा बघ, साधेपणा!" काका म्हणायचे.

"बघितला. आता धूळ कोण पुसतंय तेही बघते," काकू म्हणायच्या.

काकांची सगळी पारख टिचकीत होती. ताटली तीन बोटांवर तोलायची आणि नखानं कडेला टिचकी मारायची. खणखणीत वाजली तर अखंड, बद्द वाजली तर कुठेतरी तडा. मग दुकानदार कितीही साखर पेरू दे, काका ताटली खाली ठेवून चालू लागायचे.

पण वयानं गाठलंच. काकांना दाराची घंटा ऐकू येईना. कबूल करतील तर शपथ! घंटाच बिघडली म्हणून दोनदा उघडून बसले. मग एका रविवारी म्हणाले, "चल गं जुन्या बाजारात, पिशवी धरायला." इतकी वर्षं कधी पिशवी धरायला बोलावलं नव्हतं. तिथे त्यांनी एका ताटलीला टिचकी मारली, कान जवळ नेला आणि अगदी सहज विचारल्यासारखं काकूंकडे बघून म्हणाले, "कसं काय वाटतं?"

काकूंच्या ध्यानात आलं. ताटली खणखणीत वाजली होती, म्हणून त्या म्हणाल्या, "छान!" काकांचा चेहरा असा काही खुलला की विचारू नका. पुढची ताटली मात्र सरळ बद्द वाजली. आता तो खुललेला चेहरा पाडायचा कुणी? काकू पुन्हा म्हणाल्या, "छान." तिथून जी चटक लागली, ती लागलीच. दर रविवारी काका टिचकी मारायचे, काकू छान म्हणायच्या, आणि दुकानदार वर्षानुवर्षं न खपलेला माल आनंदानं कागदात गुंडाळून द्यायचा.

आणि एक दिवस काका नाचतच घरी आले. गावातल्या संग्रहालयात जुन्या काळचं जेवणाचं टेबल मांडायचं होतं आणि त्यासाठी त्यांच्या ताटल्या हव्या होत्या. "संग्रहालयाच्या बाई स्वतः येणार आहेत. एकेक ताटली वाजवून घेणार म्हणे. पक्क्या आहेत!"

काकूंना त्या बद्द वाजलेल्या ताटल्या आठवल्या. परक्या बाईसमोर नवऱ्याची शोभा होणार, आणि करणारी कोण, तर आपणच! बाई यायच्या दिवशी काका केस कापायला गेले तशा त्या चमचा घेऊन कपाटापुढे बसल्या. ठण्ण, ठण्ण, बद्द. बद्द, ठण्ण, बद्द. अगं बाई, या तर ढीगभर निघाल्या! काकूंनी त्या सगळ्या उचलून टोपलीत घातल्या आणि वर शिवायला आलेले पडदे टाकले.

तेवढ्यात काका आणि बाई दोघंही दारातच भेटून एकदम आत आले. काकांनी कपाट उघडलं. खालचा अख्खा कप्पा रिकामा.

"अगं, इथल्या कुठे गेल्या?"

काकूंना थाप सुचेना. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "तडकलेल्या आहेत हो त्या! मी खोटं बोलत होते. तुम्ही हिरमुसाल म्हणून सगळ्यांना छान म्हणत गेले. चुकलं माझं."

काका खो खो हसायला लागले. "अगं, माझे कान गेलेत, डोळे नाही गेले! तडे मला दुकानातच दिसायचे."

"मग घेतल्यात कशाला मेल्या?"

काका बाईंकडे बघून जरा लाजले. "तू छान म्हणालीस ना. इतक्या वर्षांत माझ्या एकाही ताटलीला तू कधी छान म्हणाली नव्हतीस."

बाई उगाचच एक ताटली उलटीसुलटी करून बघत राहिल्या. मग वरच्या कप्प्यातल्या ताटल्या वाजवून, खूश होऊन, त्यांनी त्या खोक्यात भरून घेतल्या. त्या गेल्यावर काकू काकांच्या कानाशी वाकल्या. डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

"अहो, मला त्या ताटल्यांतलं ओ की ठो कळत नाही. पण टिचकी मारून तुम्ही माझ्याकडे बघता ना, ते मला फार आवडतं."

काकांना शब्दन्‌शब्द ऐकू गेला होता; चेहराच सांगत होता.

"काय म्हणालीस?" ते म्हणाले. "जरा परत सांग."