राऊतबाईंचं हसू

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझं सगळं माहीत आहे – पगार, रक्तातली साखर, कुणाचा राग येतो ते – पण हे नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

मी नायगावला राहतो. एका कंपनीसाठी हिशोबाचे प्रोग्राम लिहितो. आकडा जुळला नाही तर घास उतरत नाही, अशातला माणूस. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा प्रोग्रामर आणि तितकेच शिक्षक दर रविवारी सकाळी विरारला एका सोसायटीच्या हॉलमध्ये जमायचो. लहान मुलांसाठी गणिताचं मराठी ॲप – फुकट, कुणीही वापरावं. शिक्षकांनी सांगायचं, आम्ही लिहायचं. काही सुटू नये म्हणून सगळं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचो. ते काम माझ्याकडे होतं.

राऊतबाई आगाशीकडच्या. घरची केळीची वाडी, जवळच्याच शाळेत तिसरीचा वर्ग. बाई हसल्या की चहावालाही दारातून डोकावायचा – आधी एक लांब श्वास, मग सगळं अंग हलवून हसणं आणि शेवटी ‘अगो बाय!’

एका रविवारी मी माझी उदाहरणं वाचून दाखवली. एक व्याजाचं होतं. बाई म्हणाल्या, “अहो सर, तिसरीतलं पोर व्याज कुणाला लावील? त्याला आधी गोट्या मोजू द्या की!” आणि हसल्या. सगळे हसले. मीही हसलो.

त्यात काय होतं एवढं? काहीच नव्हतं. उदाहरण चुकलंच होतं, आणि त्या माझ्यावर नव्हे, उदाहरणावर हसल्या होत्या. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी ते हसू मी घरी घेऊन आलो – खरोखरच, फोनमध्ये.

आता एक गोष्ट मधेच सांगायला हवी, टाळता येणार नाही. बाईंच्या वर्गात एक मुलगी होती. दोन वर्षं वर्गात तोंड न उघडलेली. शाळेला मिळालेल्या टॅबवर ती आमचं ॲप वापरायला लागली. तिने बाईंना विचारलं होतं, “चुकलं तर फक्त याला कळतं ना?” बाईंनी हे आम्हाला सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. नंतर ती मुलगी उत्तरं मोठ्याने म्हणायला लागली. म्हणजे हे ॲप कशासाठी आहे, ते मला नेमकं ठाऊक होतं. माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही.

ॲपची नवी आवृत्ती तयार करून शाळांना पाठवायचं कामही माझंच. उत्तर चुकलं की नुसतं ‘परत बघ’ असं यायचं. मी तिथे बाईंचं हसू बसवलं. दोन सेकंदांचा तुकडा – ‘अगो बाय’ काढून टाकलं. आवाज आठ टक्क्यांनी पातळ केला. आठच का? पाचला सगळ्यांनी ओळखला असता, बाराला बाईंनीही ओळखला नसता. मला तो फक्त त्यांना ओळखू यायला हवा होता, आणि सिद्ध करता यायला नको होता. हे मी शांतपणे, चहा पीत, पुन्हा पुन्हा ऐकून ठरवलं. मजा येत होती – हेही सांगतो.

पुढच्या रविवारी बाई आल्या त्या उभ्याच राहिल्या. त्यांनी सांगितलं, वर्गात टॅब हसला तेव्हा त्या मुलीने टॅबकडे पाहिलंच नाही. तिने बाईंकडे पाहिलं. मग टॅब उलटा ठेवला.

“सर, तो माझा आवाज आहे,” बाई म्हणाल्या.

“फुकट मिळणाऱ्या आवाजांतला आहे, बाई,” मी म्हणालो. “चुकल्यावर पोरांना गंमत वाटावी म्हणून घातला. स्वतःचा आवाज स्वतःला कधी नीट कळतो का?”

कुणीतरी म्हणालं, “बाई, तुमचं हसू चोरून कोण काय करणार?” हॉलमध्ये हशा झाला. बाई खाली बसल्या.

तो आवाज मी त्याच आठवड्यात काढला आणि घंटा घातली. बाईंचं समाधान व्हावं म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. त्यानंतरच्या रविवारी बाई माझ्यासाठी वाडीतली वेलची केळी घेऊन आल्या. म्हणाल्या, “सर, मी चार माणसांत तुमच्यावर आळ घेतला. माफ करा.”

मी म्हणालो, “जाऊ द्या, माझ्या मनात काही नाही.”

केळी घेतली. तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? हॉलमध्ये अजून कुणी आलं नव्हतं. बाई समोर होत्या. त्यांनीच विचारलं – हळू, जवळ येऊन – “ती पोर अजून माझ्याकडे बघत नाही हो. खरं सांगा, माझं हसणं पोरांना तसं लागत असेल का? इतक्या वर्षांत मला कुणी बोललंच नाही.”

एक शब्द पुरेसा होता. नाही.

मी थोडा विचार केल्यासारखं केलं आणि म्हणालो, “लागत असेल, बाई.”

त्यांनी मान हलवली. पुढे त्या आणखी काही रविवार येत राहिल्या. उदाहरणं तपासून द्यायच्या, चुका दाखवायच्या, सगळं चोख. कुणी विनोद केला की पदर तोंडाशी धरून खाली बघायच्या, आणि मी समोर बसून ते बघायचो.