अख्ख्या गावाचा ईमेल

आमच्या गावात कुठल्याही फॉर्मवर ईमेलचा रकाना आला की लोक माझा पत्ता टाकतात. पीकविमा, शिष्यवृत्ती, भरतीची परीक्षा. एकाने तर लग्न जुळवणाऱ्या मंडळालासुद्धा माझाच दिला. मी हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या खेड्यात शिक्षक. "सरांचा टाका ना" हे कानावर पडलं की, खोटं कशाला बोलू, छाती फुगायची. संध्याकाळी लोक ओट्यावर जमायचे आणि मी चष्मा चढवून, घसा खाकरून त्यांची पत्रं मोठ्यानं वाचायचो. नाटकात मला कोणी कधी काम दिलं नाही; ती हौस मी अशी भागवली.

मग बदल्या निघाल्या. आई जवळा बाजारला, अर्धं अंग लुळं, शेजारणीच्या भरवशावर. तिकडची शाळा मिळवायला एकच वाट होती: आईच्या आजाराचा दाखला ठरलेल्या दिवशी पाच वाजेपर्यंत शिक्षण कार्यालयाला ईमेलने पाठवायचा. शेवटच्या दिवशी, दुपारी तीनला, तो हिंगोलीच्या दवाखान्यात एकदाचा हातात पडला. तिथंच पायरीवर बसून फोटो काढले, जोडले, 'पाठवा' दाबलं आणि गड जिंकल्यासारखा गोरेगावच्या जीपमध्ये चढलो. शेजारच्यांना भज्यांचा पुडाही पुढे केला.

सेनगाव मागे पडल्यावर सहज मोबाइल पाहिला. मेल गेलाच नव्हता. मेलबॉक्सची जागा भरली आहे, मेल पाठवता येणार नाही, असं लिहून आलं होतं. साडेचार वाजले होते.

जागा भरली होती कोणी? गावानं.

मी भराभर जुने मेल पुसायला घेतले. शेजारी आमच्याच गावचे एक काका होते. ते मोबाइलमध्ये डोकावले.

"काहून पुसून राहिले सर?"

"जागा करतोय."

"त्यात आमच्या पोरीचं हॉल तिकीट हाय. हात लावू नका बरं."

मागून एक मावशी ओरडली, "अन् माही विम्याची पावती? ती बी त्यातच हाय!"

"मावशी, माझ्या आईचा दाखला अडकलाय. पाचच्या आत जायला पाहिजे."

"मंग जाऊ द्या की. पर पहिलं आमचं बाजूला काढा."

"सर, समदं उडवा, मोकळे व्हा!" ड्रायव्हरनं सल्ला दिला.

"तुहं काय जातंय?" काका त्याच्यावर डाफरले. "तू गाडी हाक."

मग मी एकेक मेल उघडून "हे कोणाचं?" असं विचारत सुटलो. जीपभर हशा. मला थांबता आलं असतं, पण समोर प्रेक्षक असले की मला राहवत नाही. लग्न मंडळाचं नकाराचं पत्र निघालं, तेव्हा ते मी बायकी आवाज काढून, हातवारे करून पूर्ण वाचलं. मावशी पदर तोंडात धरून हसत होती. घड्याळ कोणी बघितलं नाही. मीही नाही.

एवढं पुसूनही मेल हलेना. पुसलेलं सगळं कचरापेटीत जाऊन बसतं आणि ती वेगळी रिकामी करावी लागते, हे तेव्हा ध्यानात आलं. ती रिकामी करायला गेलो तर रेंज नाही. गोरेगावात उतरल्यावर रेंज आली, पेटी रिकामी झाली, मेल सुटला. पाच वाजून सात मिनिटं.

"मेल मिळाला सर," कार्यालयातले साहेब दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाले. "पण पाचनंतरचा धरता येत नाही."

शनिवारी जवळा बाजारला गेलो. आईनं विचारलं, "झालं का रे तुहं काम?"

 सरळ उत्तर द्यायचं सोडून मी जीपची गोष्ट सांगायला लागलो. काकांचा आवाज काढला, मावशीचा काढला, नकाराचं पत्र पुन्हा हातवाऱ्यांसकट वाचून दाखवलं. शेजारीण पोट धरून हसली.

आई हसली नाही. माझं संपेपर्यंत ती थांबली.

"म्हंजे तू येणार न्हाईस," ती म्हणाली, आणि तिनं तोंड भिंतीकडे केलं.