उस्मानपुऱ्यातली गरम वाइन

पैठण रस्त्यावरची आमची एसटी चितेगावच्या कंपन्या मागे टाकून शहराकडे निघाली, तेव्हा खिडकीतून कधी पाण्याचे टँकर दिसत होते, कधी नव्या इमारतींचे सांगाडे. पाणी नसलेल्या वर्षांत एवढी घरं कुणासाठी बांधतात, हे मला कळत नव्हतं.

मी हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला होते. उस्मानपुऱ्यात गच्चीवरच्या एका रेस्टॉरंटात त्या संध्याकाळी काम करून दाखवायचं होतं. जमलं तर हिवाळाभर तिथं प्रशिक्षण. नाही तर चितेगावच्या एका कारखान्याचं कॅन्टीन, जिथं पोळ्या लाटण्यापलीकडे काही शिकता आलं नसतं.

क्रांती चौकात उतरताना कंडक्टरनं विचारलं, "कॉलेजला का, ताई?"

"नाय, कामाला. म्हणजे... बघायला."

"एक काय ते ठरव की आधी," तो म्हणाला आणि घंटी मारली.

गच्चीवर बार सांभाळणारे रऊफभाई भेटले. त्यांनी शेगडीवर मोठं पातेलं ठेवलं. लाल वाइन, दालचिनी, लवंग, चक्रीफूल, संत्र्याची साल, गुळाचा खडा. "मेहमान आने तक गरम करके रख," म्हणाले. तेवढ्यात खाली टँकर आला आणि ते पाइप लावायला जिन्यानं पळाले.

आमचं घर मेंढपाळांचं. वाड्यावर (मेंढ्या बसवतात त्या जागी) दूध असो की चहा, ऊत आल्याशिवाय (वर चढून आल्याशिवाय) पाहुण्यापुढं ठेवत नाहीत. कच्चं पाजलं असं होतं. ही वाइनही पाहुण्यांसाठीच होती. मी ऊत यायची वाट बघत उभी राहिले. ती खदखदत होती, पण वर काही चढेना. मी आच वाढवली. वास फार चांगला सुटला. पातेलं मात्र अर्ध्यावर आलं.

रऊफभाई भिजलेल्या पँटनं वर आले. "ये क्या करी गे तू?"

"अजून ऊत आला नाही, भाई."

"शराब है, दूध नहीं. उबाली तो नशा उड़ जाता. अब ये पी के कौन झूमेगा, तेरी बकरियाँ?"

"मेंढ्या आहेत," मी म्हणाले. का म्हणाले, माहीत नाही.

त्यांनी गॅस बंद केला. ग्लासांत थोडी थोडी जिन घातली आणि तो काढा वरून ओतला. "जिन को आँच नहीं दिखाने का," एवढंच बोलले. तोवर पाहुणे येऊन एका मोठ्या टेबलाशी बसले होते. पुरुष मंडळींनी घोट घेतले, माना डोलावल्या, पुन्हा मागवलं.

त्याच टेबलावरच्या एक काकू म्हणाल्या, "आम्ही काय नुसता सोडाच प्यायचा? वास तर आमच्याही नाकात जातोय. बिनदारूचं मिळंल का हे?"

हे ऐकून रेस्टॉरंटचे मालक पुढे आले आणि त्यांनी मला बाजूला घेतलं. "पातेल्यात उरलंय ते दे. उकळलंयच की. दारू नाही म्हणून सांग."

मी रऊफभाईंना विचारलं, "सगळी उडाली असेल ना?"

"सगळी नहीं उड़ती. कित्ती बची, अल्ला जाने."

मालक बघत होते. मी ग्लास घेऊन टेबलाशी गेले. काकूंनी हात पुढे केला, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू, यात वाइन होती. उकळलीय, पण थोडी उरली असेल. मला नक्की सांगता येत नाही."

त्यांनी हात मागे घेतला. "माझा सोमवार आहे गं."

मला वाटलं, संपलं. मग काकूच म्हणाल्या, "अगं, हेच सगळं पाण्यात उकळून आण की."

मी दुसरं पातेलं घेतलं. तोच मसाला, संत्र्याचा रस, गूळ आणि टँकरचं गाळलेलं पाणी. बायकांनी दोनदा मागवलं.

निघताना मालक गल्ल्यावर होते. "मी काय सांगायला सांगितलं होतं तुला?"

मी पिशवी खांद्याला लावली.

"उद्या वेळेवर ये. ते पाण्याचंही ठेवू मेनूत." चेहरा रागावलेलाच होता.

परतीच्या एसटीत आईचा फोन आला. "जमलं का गं?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हंजी?"

"उद्या परत बोलावलंय."

"मग जमलंच की. अशी काय कोड्यात पडल्यावाणी बोलतीस?"

खिडकीतून थंड वारा येत होता. मला ठेवून घेतलं ते त्या पाण्याच्या काढ्यामुळं, की काकू उठून गेल्या नाहीत म्हणून, की काम करायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून, हे मला घर येईपर्यंत उमगलं नाही. मालकांनी उद्या पुन्हा तसंच सांगायला सांगितलं तर काय करायचं, एवढं मात्र ठरलं होतं.