खालूबाजा, पियानो आणि बंद पडणारा विभाग

"मॅडम, तुमचा पियानो माझ्या सनईला ढकलतोय!" गणूदादा म्हणाले आणि तालीम थांबली.

मी श्रीवर्धनजवळच्या एका कॉलेजात संगीत शिकवते. बाहेर जॅझ पियानो वाजवते. गणूदादा आमच्याकडच्या खालूबाजाचे सनईवाले. खालूबाजा म्हणजे ढोल, टिमकी, झांज आणि सनई. लग्नात आणि शिमग्याच्या पालखीपुढे वाजतो तो.

कॉलेजची कमिटी संगीत विभाग बंद करून त्या खोलीत जिम काढणार होती. कारण काय, तर "इथल्या पोरांचा संगीताशी संबंध काय?" ज्यांच्या दारात दर शिमग्याला सनई येते, त्या पोरांबद्दल हे बोलणं! मी ठरवलं, उत्तर गॅदरिंगमध्ये द्यायचं. पियानो आणि खालूबाजा एकत्र.

प्रिन्सिपॉल सर म्हणाले, "मॅडम, पाहुणे येणारेत. जॅझ वाजवा. शिमगा नको."

"सर, जॅझसुद्धा रस्त्यावरच्या मिरवणुकीत वाढलंय."

"असेल. आपल्याकडे स्टेजवर, खुर्च्यांवर बसून. डिसेंट."

बसून वाजवायचं, तेवढं मी मान्य केलं; बाजा मात्र सोडला नाही.

पहिली अडचण सुराची. गणूदादांचा एक सूर पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधे पडायचा. पियानोत मधली जागाच नसते. अशा वेळी जॅझवाले शेजारच्या दोन्ही पट्ट्या एकदम दाबतात. कानाला मधला सूर भासतो. अशा सुराला ब्लू नोट म्हणतात. मी तसं वाजवलं.

गणूदादा हसले. "आता कसा! आता वाईच सरकलाव."

तरी बाजा मरगळलेलाच. मी वन-टू-थ्री-फोर मोजत राहिले. ढोल काही उठेना. शेवटी गणूदादाच वैतागले.

"बसून कसला वाजवायचा? पाय चालल्याबिगर ढोल चालत न्हाय. आमी काय सत्यनारायनाला बसलोय?"

बरोबर होतं. त्यांची लय पावलांतून येते, आणि मी त्यांना खुर्चीत कोंबलं होतं.

गॅदरिंगला स्टेजवर मी एकटीच बसले. बाजा हॉलच्या मागच्या दारातून चालत आला. सर थांबवायला उठले, पण ढोल त्यांच्या पुढे निघून गेला होता. मी त्या पावलांच्या लयीवर पियानो वाजवू लागले. सनईने तो सूर उचलला. पोरांनी खुर्च्या भिंतीला लावल्या आणि हॉलभर फेर धरला. कमिटीचे अध्यक्ष घाम पुसायला रुमाल काढत होते; थोड्या वेळाने तोच रुमाल डोक्यावर गरागरा फिरवत होते.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी मला आणि सरांना बोलावलं. "खोली राहू दे. जिम मागच्या शेडमध्ये काढू."

"मी आधीपासून हेच म्हणत होतो," सर म्हणाले.

"मग सर, जूनपासून गणूदादांना व्हिजिटिंग टीचर म्हणून घेऊया."

सरांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी होकारार्थी मान हलवली.

जूनमध्ये संगीताचा वर्ग भरला तो कॉलेजच्या मैदानात, चालता चालता.

विभाग वाचवायचा असेल तर निवेदन जरूर द्यावं. पण सोबत माणसं आणावीत. निवेदन फाइलला लागतं. माणसांना निदान चहा तरी विचारावा लागतो.