तय्यबभाईंच्या तोंडाचा वास

किल्लारी ते लातूर काळीपिवळी जीप चालवणारे तय्यबभाई आयुष्यात साध्या सुपारीलाही शिवले नव्हते. तरी गावाने त्यांना दारुडा ठरवलं. बीपी होतं, तीन-तीन गोळ्या खाऊनही उतरत नव्हतं. ते लोकांनी भूकंपाचा धसका म्हणून माफ केलं. पण अधूनमधून पाय लटपटायला लागले तशी माफी संपली. आमच्याकडे माणसाचा तोल गेला की लोक आधी बाटलीच शोधतात.

एका जुम्म्याला नमाज पढताना ते सजद्यात गेले आणि उठलेच नाहीत. अख्खी रांग उभी राहिली, यांचं कपाळ जमिनीलाच. दोघांनी बगलेत धरून उठवलं. मान खाली घालून घरी आले, ते पुन्हा मशिदीत गेले नाहीत.

त्यांच्याच जीपमधून मुलगी अर्शी लातूरला मेडिकलच्या क्लासला जायची. गावातली बाकीची पोरं हळूहळू एसटीने जाऊ लागली. अर्शीला बापाची लाज वाटायची, आणि लाज वाटते याचीही वाटायची. जीप सुरू व्हायच्या आधी ती पाण्याची बाटली द्यायच्या निमित्ताने वाकायची आणि त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची. वास कधीच आला नाही. तरी दुसऱ्या दिवशी वाकायचीच.

एका सकाळी क्लासच्या दारातच त्यांचे पाय पार गेले. लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तर पोटॅशियम अगदी तळाला.

"एवढं बीपी, त्यात पोटॅशियम कमी. मूत्रपिंडावरची ग्रंथी बघावी लागेल," त्या म्हणाल्या.

आधी हार्मोनची तपासणी, मग सीटी स्कॅन. डाव्या ग्रंथीवर बोराएवढी गाठ निघाली. तीच जादा हार्मोन सोडून बीपी चढवत होती, पायांतली ताकद काढून घेत होती. अर्शीला ती ग्रंथी आकृतीसकट पाठ होती. तिला तिथून पळून जावंसं वाटलं.

तय्यबभाई मात्र खुशीत. भेटायला येईल त्याला सांगायचे, "गाठ हाय बघा, गाठ! दारू न्हाई." गाठ निघाली म्हणून इतका हरखलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ऑपरेशन झालं. बीपी उतरलं, पायांत जोर आला आणि जीप पुन्हा निघायचा दिवस आला. अर्शी पुढे बसली, बाटली मांडीवर घट्ट धरून. तय्यबभाईंनी किल्ली फिरवली नाही. रोज ती वाकायची, आज तेच तिच्याकडे झुकले, तोंड उघडलं आणि शांतपणे श्वास सोडला.

"घे बेटा, बघून घे. मग निघू."