पाणमांजराची सलामी

आमच्या दुष्काळी वडूजकडची माणसं पोहायला शिकायची ती खाटेवर पालथं पडून. अशा गावचा मी, सत्तरच्या दशकात सांगलीजवळच्या एका साखर कारखान्याच्या जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून चिकटलो आणि वाट्याला पेशंट आलं ते पाणमांजर.

ते चेअरमनसाहेबांचं. शेजारच्या कारखान्याच्या बागेत मोर होता, म्हणून आमच्या बागेत पाणमांजर. हौद बांधला, गज लावले, फीत कापली. पाणमांजर आणि सहकार यांचं नातं चेअरमनसाहेबांनी भाषणात असं काही जुळवलं, की ते मुकं जनावर सभा संपेपर्यंत पाण्याखालून वर आलं नाही. मी म्हटलं, हुशार आहे.

पुढं त्याच्या पुढच्या पंजाला गळू धरलं. हळूहळू पंजा लिंबाएवढा झाला, मग पेरूएवढा. ते लंगडायला लागलं, अर्धा मासा टाकून द्यायला लागलं. आमचे डॉक्टर म्हणाले, "हे फोडलं नाही तर जनावर जातं."

डॉक्टरांचा सगळा जन्म बैलांत गेलेला. बैलाला दोर लावून पाडतात, म्हणून पाणमांजरालाही पाडायचं ठरलं. तालमीतले चार पैलवान हौदात उतरले. त्यांनी एकमेकांना सोळा वेळा चीतपट केलं, पाणमांजराला एकदाही नाही. ते सगळ्यात जाडजूड पैलवानाच्या पाठीवर बसून मिशा साफ करत होतं.

मग डॉक्टरांनी डोकं चालवलं. जनावरानं आपणहून गजांतून पंजा बाहेर द्यायचा आणि मासा घ्यायचा, असं त्याला शिकवायचं. काम दिलं बागेच्या रखवालदाराला. हा जुना पैलवान. निवडणुकीत चेअरमनसाहेबांना खांद्यावर घेऊन नाचला, एवढ्या पुण्याईवर नोकरीला लागलेला. पण शिकवायला बसला आणि मी गार पडलो. आधी नुसतं गजाजवळ आलं तरी मासा. मग पंजा बाहेर काढला तर मासा. मग काडी टोचून घेतली तर मोठा मासा. चिडणं नाही, ओढणं नाही.

घोळ एकच झाला. हा गडी मांडीवर शड्डू ठोकल्याशिवाय चहासुद्धा प्यायचा नाही. प्रत्येक वेळी आधी शड्डू, मग मासा. त्याचा शड्डू मिरजेच्या स्टेशनात ऐकू जायचा आणि गार्ड इशारा समजून गाडी सोडायचा. पाणमांजर आखाड्याचा कायदा शिकून बसलं: जो शड्डू ठोकेल, त्यालाच हात द्यायचा. रखवालदारानं ठोकला की पंजा त्याच्यापुढं यायचा. डॉक्टर बाजूनं हत्यार घेऊन सरकले की आत जायचा. एकावर दोघं, ही कुस्ती त्याला मंजूर नव्हती.

"आवं डाक्टर, तुमीच ठोका की," रखवालदार म्हणाला.

डॉक्टरांनी इकडंतिकडं बघून टेरिलीनच्या पँटीवर थाप मारली. उशी झटकल्यासारखा आवाज आला. पाणमांजरानं पाठ फिरवली.

"कापडावर न्हाई वाजत. मांडी उघडी करा."

"मी पदवीधर माणूस आहे."

"व्हय, पर त्याला कुठं ठावं हाय ते?"

डॉक्टर तडक निघून गेले. दुसऱ्या दिवशी पंजा आणखी फुगला. आणि नेमके त्याच दिवशी चेअरमनसाहेब पाहुण्यांचा जथा घेऊन बागेत आले. शड्डूची गोष्ट त्यांच्या कानावर गेलेली. "आमचं जनावर सलामी देतंय," असं म्हणत त्यांनी धोतर सावरलं आणि मांडीवर थाप मारली. थाप चांगली वाजली. मांडी सत्तेची होती. पाणमांजर लंगडत आलं, दुखरा पंजा त्यानं बाहेर ठेवला आणि वाट बघत राहिलं.

चेअरमनसाहेबांच्या हातात काही नव्हतं. त्यांनी पंजाला हात लावून नमस्कार केला, मतदाराला करतात तसा. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पाणमांजरानं साहेबांच्या दोन्ही तळहातांकडं नीट बघितलं आणि हौदात बुडी मारली. नंतर रखवालदारानं शड्डू ठोकून ठोकून मांडी लाल केली, तरी ते वर येईना.

"घात केला गड्या," रखवालदार मला म्हणाला. "आता ते कुणावर इस्वास ठेवंल?"

मी पळत जाऊन डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी हौद बघितला, पाहुणे बघितले, चेअरमनसाहेब बघितले. मग पँट काढून माझ्या हातात दिली. आत पट्ट्यापट्ट्यांची चड्डी होती. ते गजापुढं मांडी घालून बसले. आधी एक मासा आत टाकला, काही न मागता. थांबले. दुसरा टाकला. गाडीवान ऊस तसाच ठेवून बघायला आले. एक पाहुणी पदर तोंडाला लावून हसली. डॉक्टरांनी मान वळवली नाही.

तिसऱ्या माशाला पाणमांजर वर आलं. डॉक्टरांनी उघड्या मांडीवर शड्डू ठोकला. आवाज बेताचाच, पण खरा. पंजा हळूहळू गजांतून बाहेर आला.

डॉक्टरांनी गळू फोडलं. घाण बाहेर आली, मी औषधाचा बोळा दिला, आणि ते जनावर पंजा न हलवता मासा चावत राहिलं.

"डॉक्टर, उद्या मंत्रीसाहेब येणार आहेत," चेअरमनसाहेब मागून म्हणाले. "त्यांनाही दाखवू."

"दाखवू की," डॉक्टर जखम पुसत म्हणाले. "मासे तुम्ही आणा."