झाकणापायी गेलेली वसई

काय सांगू तुम्हाला, माती खाल्ली. तीसुद्धा साधीसुधी नाही, अख्खं गावठाण खिडकीत उभं राहून बघत असताना खाल्ली. बसा, चहा घ्या, सांगतो. मध्ये बोलायचं नाही. मला आवडत नाही.

मी विक्रोळीला कारखान्यात लेथवर आयुष्य काढलं. शाळा चौथीपर्यंत. पण धातू? धातू मी डोळे मिटून ओळखतो. टिचकी मारायची, आवाज ऐकायचा, संपलं! पितळ, गनमेटल, बीड, काय असेल ते सांगतो. हे लक्षात ठेवा.

रिटायर झालो आणि मागच्या गावठाणातल्या डॉम्निकने मला नादी लावलं. माझ्याच वयाचा, माझ्याइतकाच रिकामा. याचा उद्योग काय, तर टेबलावर लढाया खेळायच्या. बोटभर टँका, थर्माकोलचे डोंगर, फासे टाकायचे आणि पट्टीने मोजून पुढे सरकायचं. आणि लढाया खऱ्या नाहीत हं! 'असं झालं असतं तर' वाल्या. बाजारातून प्लास्टिकची टँक आणायची, करवतीने कापायची आणि जगात कधी झालीच नाही अशी टँक त्यातून उभी करायची.

आमची लढाई वसईची. समजा, मराठ्यांनी वसई घेतलीच नाही. पोर्तुगीज तिथेच ठाण मांडून बसले आणि टँकांचा जमाना आला. मग? डॉम्निक पोर्तुगीज, मी मराठे.

"खरी वसई घेतलीत ना तुम्ही? आता माझ्याकडून घेऊन दाखव," डॉम्निक म्हणाला.

"मेल्या, रविवारी घेतो. सामान बांधून ठेव."

बसलो टँक करायला. चाकं शर्टाच्या बटनांची, तोफेची नळी पेनच्या रिफिलची. अडलं ते वरच्या फिरत्या घुमटापाशी. मला किल्ल्याच्या बुरुजासारखा गोल घुमट पाहिजे होता. मराठ्यांची टँक ती, डब्यासारखी दिसून कसं चालेल?

आणि एका सकाळी घुमट आपल्या पायाने चालत आला! गॅलरीत पेपरावर पडलं होतं. काळंकुट्ट गोल झाकण, वर बोंडासारखी मूठ. आमच्या घरचा कायदा आहे, गॅलरीत पेपरावर पडलंय ते माझं भंगार. टिचकी मारली. जर्मन सिल्व्हर! आतल्या बाजूला कसले तरी ओरखडे होते, ते पुट्टीने बुजवले. बाजूला भोक पाडलं, नळी बसवली, वरून मिलिटरी हिरवा रंग. झकास! टँक नेऊन डॉम्निकच्या टेबलावर ठेवली. तो बघतच राहिला.

दोन दिवसांनी बायको विचारते, "अहो, माझ्या आईच्या करंड्याचं झाकण बघितलंत का? चांदीचं. शुक्रवारी पोरीची ओटी भरायचीय, तेव्हा तिला देणार होते. घासायला काढलं आणि तेवढ्यात फोन वाजला..."

तुम्हाला कळलं ना? मला नाही कळलं! मी चांदी शोधत होतो हो, चकचकीत! कपाट उपसलं, देवघर उपसलं, पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. आईची तेवढी एकच वस्तू होती तिच्याकडे. ती डोळ्यांना पदर लावून बसली. तिने पदर लावला की माझं टाळकं फिरतं.

"घरात कोण आलं होतं?"

"कोण येणार? डॉम्निकभाऊ तेवढे. तुमच्या भंगारात हात घालून बसले होते."

"बस! पकडला!"

"अहो, काहीतरीच काय? ते कशाला घेतील?"

"पोर्तुगीजांचा काय भरवसा?" खेळ डोक्यात गेला होता, दुसरं काय!

पुरावा म्हणून बिनझाकणाचा करंडा हातात घेतला आणि निघालो. बायको मागून, "हळू बोला, हळू बोला." मी कशाला हळू बोलतोय! गल्लीच्या तोंडापासून सुरुवात. "डॉम्निक! बाहेर ये! झाकण काढ!" खिडक्या धडाधड उघडल्या.

डॉम्निक हाफपँटवर बाहेर आला, बोटांना गोंद. "कसलं झाकण?"

"चांदीचं! हे खालचं बघ. वरचं कुठाय?"

त्याचा चेहराच उतरला. "सावंता, तीस वर्षं माझ्याकडे नाताळच्या करंज्या खातोस, आणि आज मला चोर म्हणतोस? ये आत, शोध. पण मिळालं नाही तर परत या दारात पाय ठेवायचा नाही. रविवारी पण नाही."

पण मागे कसा फिरणार? सगळी गल्ली बघतेय! शिरलो आत. शोकेस उघडली, गादी उचलली, गोंदाचे डबे हुंगले. काही नाही. बायको टेबलापाशी उभी. तिने माझी टँक उचलली.

"ए, हात लावू नको, रंग जाईल! जर्मन सिल्व्हर आहे ते!"

तिने टँकचा घुमट उपटला. अंबाड्यातली पिन काढली आणि आतली पुट्टी खरवडली. एकेक अक्षर वर यायला लागलं. माझ्या सासूबाईंचं नाव! जुन्या भांड्यांवर कोरतात ना, तसं कोरलेलं.

"यावर पुट्टी मारलीत?"

"मला वाटलं, ओरखडे आहेत."

तिने माझ्या हातातला करंडा घेतला आणि झाकण वर ठेवलं. टक्! असं बसलं की माझ्या लेथवरसुद्धा बसलं नसतं. कुंकवाचा करंडा, त्याला तोफ, आणि तोफेचं तोंड बरोब्बर माझ्याकडे.

मी डॉम्निककडे बघेना. आता हा मला लाथ घालून हाकलणार, आणि घालायलाच पाहिजे होती.

"वहिनी," तो शेवटी म्हणाला, "आधी उडवा त्याला, मग काढा तोफ."

बायको हसली. मग तो हसला. मग खिडक्या हसल्या. मी माफी मागितली की नाही ते विचारू नका. मागितली. मोठ्याने. गल्लीपर्यंत.

शुक्रवारपर्यंत सोनार काही भोक बुजवून देईना. रंग तेवढा निघाला. ओटीला आलेली प्रत्येक बाई विचारी, "करंड्याला भोक कसलं गं?" आणि आमची बायको प्रत्येकीला पहिल्यापासून सांगे. पोरगी म्हणाली, "बुजवू नका, राहू दे. बाबांची सही आहे ती."

आणि रविवारी? घुमट नाही म्हणून तोफ नाही. माझी बोडकी टँक तिसऱ्या फाशाला उडाली. मराठ्यांनी खरोखर जिंकलेली वसई मी एका झाकणापायी पोर्तुगीजांना दिली.

तेही चाललं असतं हो. पण आता डॉम्निकपासून वॉचमनपर्यंत जो तो समोर पेला धरतो, टिचकी मारतो आणि विचारतो, "काका, हे काय आहे?"

ए! तो कप खाली ठेव. टिचकी मारायची नाही, सांगून ठेवतो!